अंघोळीचा गुरुवार

गुरुवारी सकाळी सात वाजता घरात होतं ते असं. माणसं सात. गच्चीवरच्या टाकीत पाणी, काठी बुडवून मोजलं तर एकतीस सेंटिमीटर, म्हणजे अंदाजे दोनशे चाळीस लिटर. पीठ साडेनऊ किलो. मसूर दोन डबे, त्यातला एक अर्धा. ऑलिव्हच्या साबणाच्या वड्या दोन. काळ्या शाईचं मार्कर पेन एक.

आमची उरलेली माणसं शाळेच्या एका वर्गात आणखी चार कुटुंबांबरोबर राहत होती. तिथे आमचे पाच. तिथलं पाणी मोजण्याइतकं नव्हतं.

सात आणि पाच ही विभागणी माझी होती. नुसैरातच्या आमच्या भागात तेव्हा सगळेच हे करत होते. मागच्या गल्लीतलं एक कुटुंब, पणजोबांपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत एकोणीस जण, एका बॉम्बने एका क्षणात गेलं. नागरी नोंदवहीत त्यांच्या नावाचं पान होतं, पण त्या पानावर जिवंत कुणी उरलं नाही. त्यानंतर लोक पोरं वाटून ठेवायला लागले. भाऊ भावाकडे दोन पाठवायचा, भाऊ बहिणीकडे एक. बाकीचे हे मनातल्या मनात ठरवत. मी जीवशास्त्र शिकलेली, संख्याशास्त्राचे दोन पेपर दिलेली, म्हणून मी तक्ता केला.

नियम चार. एका जोडप्याची सगळी मुलं एका छपराखाली नकोत. आजी-आजोबा सोडून नवरा-बायको एका छपराखाली नकोत. एक मूल इकडे आलं तर त्याचं भावंड तिकडे जाणार. आणि मुलाने एकटं चालायचं नाही.

तक्ता मी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला तेव्हा आजीने तो वाचला नाही, नुसता पाहिला.

"कोंबडीसुद्धा पिल्लं पंखाखाली घेते," ती म्हणाली. "आणि तू त्यांना दोन गावांत टाकतेस."

"एकच गाव आहे, आजी. मध्ये नऊशे मीटर आहेत."

"मला कुठल्या रकान्यात घातलंस?" आजोबांनी विचारलं.

"घरात."

"ते मी तुझ्या जन्माआधीच ठरवलंय. तुझ्या तक्त्याला माझा सलाम सांग."

झियादकाका हसला. "एवढं शिकवलं हिला, त्याचा शेवटी हाच उपयोग. पोरांची वाटणी."

घरात आजी, आजोबा, झियादकाका, माझा मोठा भाऊ नाएल आणि मी. मुलांपैकी नाएलची जुमाना आणि काकाचा मुलगा बराआ. शाळेत माझी आई, इन्तिसारकाकू, काकूची तालीन, शुरूकवहिनी आणि वहिनीचं सात महिन्यांचं बाळ, शाम. तालीन आणि जुमाना दोघी नऊ वर्षांच्या, तालीन अडीच महिन्यांनी मोठी. मदतीच्या खोक्यातून आलेले दोघींचे राखाडी लेंगेसुद्धा एकाच मापाचे होते.

मुलांच्या डाव्या हातावर, कोपराच्या वर, मी नावं लिहीत असे. स्वतःचं, बापाचं, आजोबांचं, आडनाव. हेसुद्धा सगळेच करत होते. विकणारा ते पेन न पुसणारं म्हणायचा. घासणी आणि साबण लागला की एका अंघोळीत जायचं. म्हणून अंघोळ झाली की पुन्हा लिहायचं.

शाळेत अंघोळ अशी होतच नव्हती. पाळी लावून एकेकाला घरी आणायचं आणि घासून काढायचं असं आम्ही करत होतो. त्या गुरुवारी पाळी तालीनची होती. काका तिला दहा वाजता घेऊन आला. नियमाप्रमाणे आता बराआने शाळेत जायचं होतं, म्हणजे काकाची दोन्ही मुलं एका ठिकाणी राहिली नसती.

"मी का जाऊ? तिचे केस वाळेपर्यंत थांबतो ना," बराआ म्हणाला.

"तक्त्यात नाही," मी म्हणाले.

"तक्त्यात झोपायचंही लिहिलंय का? की शी करायचंही?"

"चल, वकीलसाहेब," काका म्हणाला, "मी सोडतो तुला."

पण त्याने आधी चहा घेतला. मग आजोबांशी शेगडीच्या लाकडावरून भांडला. काका आणि बराआ एक वाजता निघाले असं मला नंतर कळलं. मी तोवर नव्हते. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी अकरा ते तीन पाण्याचे नमुने तपासत असे, पगाराशिवाय.

मी निघाले तेव्हा आजी मोरीत दोघींना एकाच टपात बसवत होती. पाणी वाचावं म्हणून.

"हिचे पाय माझ्या अंगाला लागतायत!" जुमाना ओरडत होती.

"तुझं अंगच सगळीकडे आहे," तालीन म्हणाली.

"गप्प बसा दोघी, नाहीतर एकीच्या पाण्यात दुसरी," आजी म्हणाली. "रुबा, नावं जातील हं यांची."

"आल्यावर लिहिते."

"पेन ठेवून जा ना, आत्या," जुमाना म्हणाली. "मी तिच्या हातावर लिहीन, ती माझ्या."

"तुझं अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. कुणाला वाचता येणार ते?" मी म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. मला बाटल्यांवर क्रमांक घालायला पेन लागणार होतं आणि दवाखान्यातलं संपलं होतं. मी ते खिशात टाकलं आणि गेले.

त्या दिवशी मी चौदा बाटल्यांवर क्रमांक घातले. एक वाजून चाळीस मिनिटांनी टेबल हललं, आणि आवाज त्यानंतर आला. जमिनीतून धक्का आधी पोचतो आणि हवेतून आवाज मागाहून. मधल्या वेळावरून अंतर काढता येतं. मी ते काढत बसले नाही. पण डोक्याने काढलंच, आणि आलेलं अंतर आमच्या घराचं होतं.

घर तीन मजली होतं. मी पोचले तेव्हा ते माझ्या खांद्याइतकं उंच होतं. शेजारच्या घराची गच्ची सरकून आमच्या मोरीच्या बाजूला आडवी पडली होती. झियादकाका ढिगावर उभा राहून नावं घेत होता. धक्का बसला तेव्हा तो बराआला शाळेच्या फाटकात सोडून परत येत होता, वाटेत होता. नियम चौथा.

नाएल साडेतीनला सापडला, आजी-आजोबा पावणेपाचला, एकमेकांपासून दीड मीटरवर. त्यांना ओळखायला काही लागलं नाही. मोरीच्या बाजूने साडेपाचला शेजाऱ्यांनी एक मुलगी काढली. एक मुलगी असं मी लिहिते आहे, पण मिळालं ते एवढं होतं: डावा हात खांद्यापासून, आणि गुडघ्यांपासून खाली दोन्ही पाय. राखाडी लेंग्याचा थोडा भाग. काकाने तो हात पालथा केला, पुन्हा उलटा केला, स्वतःच्या सदऱ्याने पुसला. हात स्वच्छ होता. कोपराच्या वर काहीही नव्हतं.

"रुबा," काका म्हणाला, "इथे नाव असतं ना?"

मी मान हलवली.

"मग कुठे आहे?"

पेन माझ्या खिशात होतं.

काका म्हणाला, "मी बाप आहे. मला कळायला हवं." त्याला कळलं नाही.

तक्त्याप्रमाणे सगळं बरोबर घडलं होतं. काकाचा बराआ उरला, नाएलची शाम उरली, आजी-आजोबा सोडले तर प्रत्येक जोडप्यातलं एक माणूस उरलं. आडनाव नोंदवहीत राहिलं.

इस्पितळाच्या मागच्या अंगणात शेड घातली होती. तिथली नोंद अबू यझन ठेवत असे. पूर्वी तो भूगोल शिकवायचा, अजूनही नाव विचारताना वर्गातल्यासारखं विचारायचा. त्याने त्या लहान गाठोड्यावर फीत बांधली आणि वहीत लिहिलं: मुलगी, आठ ते दहा, नुसैरात, गुरुवार. नावाचा रकाना मोकळा ठेवला.

पहिल्या संध्याकाळी काकू आणि वहिनी दोघी आल्या. दोघींनी पाहिलं.

"ही माझी नाही," वहिनी लगेच म्हणाली. तिचा नवरा त्याच शेडमध्ये चार पावलांवर होता. त्याला तिने ओळखलं होतं, कपाळावर हात ठेवला होता. "जुमानाची नखं अशी नाहीत. माझी मुलगी खाली आहे. तिला बाहेर काढा."

"माझीही नाही," काकू म्हणाली. "तालीनच्या पोटऱ्या भरलेल्या आहेत. मी तिला दूध पाजून वाढवलंय, मला सांगू नका."

त्यांचं म्हणणं मला समजत होतं. जी ही नव्हती ती अजून ढिगाखाली होती, आणि ढिगाखाली जिन्याच्या पोकळीत माणसं दोन-दोन दिवस जगलेली आम्ही पाहिली होती. म्हणून दोघी आपल्या मुलीला तिथे ठेवत होत्या.

डीएनए कसा काढायचा ते मला येतं. पहिल्या वर्षी कांद्यातून काढला होता, तिसऱ्या वर्षी स्वतःच्या गालातून. लागणारं यंत्र आमच्या विद्यापीठात एक होतं. आता विद्यापीठ नव्हतं. अबू यझनने माझ्याकडे बघून नुसतं विचारलं, "तुमच्या शास्त्रात काही आहे का, बाई?" मी म्हणाले, आहे, पण इथे नाही.

शुक्रवारी आम्ही तिघांना पुरलं. शुक्रवारी आणि शनिवारी काका, मी आणि गल्लीतले सहा-सात जण हातांनी दगड काढत होतो. बचावपथकाचे दोघे आले, त्यांनी हातोडी आणि एक जॅक आणला. जॅकने गच्चीची लादी चार सेंटिमीटर उचलली गेली आणि जॅकच वाकला. त्यांच्यातला एक मोठा माणूस काकाला बाजूला घेऊन, मुलाच्या नावाने हाक मारत म्हणाला, "अबू बराआ, तुला खोटं सांगत नाही. ही लादी यंत्राशिवाय हलणार नाही. यंत्र आहे ते पलीकडे अडकलंय, त्याला डिझेल नाही आणि यायला परवानगी नाही."

"मग कधी?"

"मला विचारू नकोस ते."

"आत कुणी असेल तर?"

त्या माणसाने लादीवर हातोडीने तीन वेळा ठोकलं. सगळे गप्प बसले. वर ड्रोनची भुणभुण तेवढी चालू होती. तो कान लावून पूर्ण पाच मिनिटं पडून राहिला. मी घड्याळ पाहिलं. मग उठला, काकाच्या डोक्यावर ओठ टेकवले आणि पुढच्या घराकडे गेला.

हे मी शाळेत जाऊन सांगितलं. शनिवारी दुपारी. बाळ झोपलं होतं. वहिनी ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे ती तिथेच राहणार."

"यंत्र येईपर्यंत."

"म्हणजे तिथेच." तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली. "मग इस्पितळात आहे ती माझी. जुमाना आहे ती."

काकू ताडकन उठली. "परवा तर म्हणालीस नखं तिची नाहीत!"

"परवा मी नीट पाहिलं नव्हतं."

"आणि मी पाहिलं होतं? माझे डोळे होते का ठिकाणावर? तो हात तालीनचा आहे. मी रात्रभर तोच बघतेय."

"काकू, पोटऱ्यांचं तुम्हीच म्हणालात."

"तीन दिवस खाल्लं काय होतं तिने, पोटऱ्या राहायला?"

"मला नवऱ्याच्या शेजारी कुणीतरी पुरायला द्या," वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुमचा नवरा चालतोय. तुमचा मुलगा बाहेर उभा आहे."

"हो, आहे! त्याची लाज वाटू दे का मला आता?"

पलीकडच्या कुटुंबातल्या बायका तोंड फिरवून बसल्या. माझी आई मध्ये आली. "दोघींनी देवाचं नाव घ्या. दोघींची म्हणून पुरू. दोन्ही नावं लिहू."

काका दारात होता. "मी अबू यझनला तेच विचारलं," तो म्हणाला. "तो म्हणतो, एका कफनावर एकच नाव. दोन लिहिली तर दोघी मेल्या अशी नोंद होईल आणि सापडली एकच. आज चारपर्यंत नाव दिलं नाही तर ती अनोळखींच्या ओळीत जाईल. नुसता क्रमांक. त्याच्याकडे थंड ठेवायला जागा नाही, उद्याचे कालच येऊन पडलेत."

"क्रमांक नको," वहिनी म्हणाली.

"क्रमांक नको," काकू म्हणाली.

एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं जमलं. मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. दोघींनी ते एकाच वेळी केलं म्हणून मी मागे सरकले.

"तू शिकलेली आहेस," काकू म्हणाली. "तुझ्या तक्त्याप्रमाणे आम्ही पोरी दिल्या की नाही? एक शब्द बोललो का? आता तू सांग."

मला पेनाबद्दल सांगायचं होतं. तीन दिवस सांगायचं होतं. मी म्हणाले, "पायाचं माप कुणाला आठवतं का?"

ईदच्या आधी दोघींना प्लॅस्टिकच्या सपाता आणल्या होत्या. बाजारात मुलांना नेत नव्हतो, म्हणून माप घरीच घेतलं होतं. इथे सगळ्या आया घेतात तसं, हाताने.

"माझी एक वीत आणि वर एक बोट," वहिनी म्हणाली. "टाचेपासून अंगठ्यापर्यंत. मला पक्कं आठवतं, विकणारा हसला होता."

"माझी एक वीत आणि दोन बोटं," काकू म्हणाली.

माझ्याकडे प्रयोगशाळेतली तीस सेंटिमीटरची पोलादी पट्टी होती. मी ती फरशीवर ठेवली. वहिनीने हात पसरला. तिची वीत मोठी आहे, लांब बोटांची. तीन वेळच्या मापांची सरासरी अठरा पूर्णांक सात. बोट दीड. एकूण वीस पूर्णांक दोन. काकूचा हात आखूड आणि जाड. वीत सतरा पूर्णांक तीन, दोन बोटं मिळून तीन पूर्णांक तीन. एकूण वीस पूर्णांक सहा.

"म्हणजे काय?" काकूने विचारलं. तिचा पंजा अजून पट्टीवर होता.

"वीस पूर्णांक दोन आलं तर जुमाना. वीस पूर्णांक सहा आलं तर तालीन."

"एवढाच फरक?"

"चार मिलिमीटर."

"किती असतं ते?"

मी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवलं. काकूने ते पाहिलं, वहिनीनेही पाहिलं. तिसऱ्या वेळी वीत ताणताना वहिनीच्या मापात दोन मिलिमीटरचा फरक पडला होता, काकूच्या तीनचा. हे मी बोलले नाही. दोन दिवसांत, त्या उन्हात, पाऊल फुगतं की आक्रसतं आणि त्याबद्दल किती धरायचं, हे मला माहीत नव्हतं. तेही बोलले नाही.

"तू मोज," वहिनी म्हणाली. "तू जे सांगशील ते मी मानेन. काकू?"

काकूने पट्टीवरचा पंजा उचलला. "मानेन," ती म्हणाली. "पण नीट मोज, पोरी. माझी शपथ आहे तुला. दया करून मोजू नकोस."

आम्ही सव्वातीनला इस्पितळात पोचलो. अबू यझनने वही उघडी ठेवली आणि पेन काढून त्यावर आडवं ठेवलं. दोघींना त्याने शेडच्या दाराबाहेर बाकावर बसवलं. त्या एकमेकींपासून दूर बसल्या, मग काकू सरकली आणि तिने वहिनीचा हात हातात घेतला. काका भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी गाठोड्याची फीत सोडली. कापड बाजूला केलं तेवढं, जेवढं लागत होतं. पट्टी पाण्याने धुतली आणि पुसली. टाच पट्टीच्या शून्याला लावली. अंगठा सरळ करावा लागला. मी तो सरळ केला. डोळा पट्टीच्या बरोबर वर ठेवला, कारण तिरकं बघितलं तर आकडा चुकतो. तीनदा मोजलं. मग दुसरा पाय तीनदा.

"काय आलं?" दाराबाहेरून वहिनीने विचारलं.

उजवं पाऊल, वीस पूर्णांक चार सेंटिमीटर. डावं, वीस पूर्णांक चार.